चीनचं लढाऊ जेट इंजिन: ‘चोरलं म्हणून जमलं’ एवढं म्हणून भागेल का?

उत्तरवारा (धागाकर्ता)

परवा एका लग्नात जेवताना विमानांचा विषय निघाला. पाकिस्तानने २०२२ साली ताफ्यात घेतलेल्या जे-१० सीई विमानांबद्दल बोलणं चाललं होतं. शेजारी बसलेले एक शिकलेसवरलेले गृहस्थ ठामपणे म्हणाले, "विमान चिनी असलं तरी आत इंजिन रशियन. चिन्यांना इंजिन जमत नाही." मी सांगितलं की या विमानांत इंजिनही चिनीच आहे, डब्ल्यूएस-१० जातीचं. त्यावर ते म्हणाले, "मग चोरलं असणार." तेवढ्यात वाढपी आले आणि विषय बदलला, पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लढाऊ विमानाचं इंजिन चोरून बनत नाही, नुसतं विकत घेऊनही बनत नाही, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द चीनच आहे.

स्पे इंजिनाची गोष्ट घ्या. डिसेंबर १९७५ मध्ये चीनने रोल्स-रॉइसशी करार केला. रीतसर परवाना, पैसे मोजून. नकाशे मिळाले, तयार इंजिनं मिळाली, प्रशिक्षण मिळालं. चीनमध्ये जुळवलेली इंजिनं चाचणीसाठी इंग्लंडला नेली आणि १९८० पर्यंत ती पासही झाली. इतकं सगळं हातात असताना, सगळे भाग स्वतःचे घालून तेच इंजिन ‘छिनलिंग’ या नावाने बनवायला त्यांना एकविसावं शतक उजाडलं. मधल्या काळात जेएच-७ विमानांना इंजिनं कमी पडली, तेव्हा ब्रिटनकडून जुनी स्पे आणायची वेळ आली. ब्रिटनने हे इंजिन १९६० च्या दशकातच उडवलेलं होतं.

चीनमध्ये स्वतःच्या विमानउद्योगाच्या या दुखण्याला ‘हृदयरोग’ म्हणत. शरीर धडधाकट, हृदय उसनं. जे-१० आलं ते रशियन एएल-३१ एफएन घेऊन. नुसत्या २०११ साली त्यांनी अशी १२३ इंजिनं मागवली. जे-२० या नव्या पिढीच्या लढाऊ विमानाने ११ जानेवारी २०११ रोजी पहिलं उड्डाण केलं, तेव्हा त्याचंही हृदय स्वतःचं नव्हतं. वाय-२० हे अवजड मालवाहू विमान रशियाच्या डी-३० इंजिनांवर सेवेत आलं.

स्वतःचं म्हणावं असं डब्ल्यूएस-१०, म्हणजे ‘ताइहांग’, १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालं आणि त्याला मान्यता मिळाली २००५ च्या अखेरीस. कागदावर वीस वर्षांत काम झालं. पण जे-११ बी विमानात बसवल्यावर खरी रड सुरू झाली. २००९ मध्ये तिथल्या सरकारी विमान महामंडळाचे प्रमुख लिन झुओमिंग यांनीच इंजिनाच्या गुणवत्तेबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली. पुढची आठ-दहा वर्षं ते इंजिन दुरुस्त करण्यात गेली. सप्टेंबर २०२१ च्या झुहाई प्रदर्शनात जे-२० चिनी इंजिनावर उडालं.

म्हणजे पैसा होता, नकाशे होते, हुकूम देणारी सत्ता होती. तरी तीस-पस्तीस वर्षं लागली. मला वाटतं चुका करायला आणि त्या पचवायला जो वेळ लागतो तो कोणालाच टाळता येत नाही. चीनने तो वेळ दिला आणि प्रश्न सोडवला. आपण अजून ‘चिनी माल’ म्हणत बसलो आहोत, याची मला काळजी वाटते.

परखड

असहमत. स्पेचा मुद्दा चांगला आहे, पण तुम्ही चोरीची बाजू फारच हलकी करून मांडताय.

शू यानजून हा चीनच्या गुप्तहेर खात्याचा अधिकारी २०१८ साली बेल्जियममध्ये पकडला गेला. अमेरिकेत खटला चालला, २०२१ मध्ये दोषी ठरला, २०२२ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. तो कशाच्या मागे होता? जीई एव्हिएशनच्या इंजिनांच्या पंख्याच्या पात्यांच्या. त्याच्या आधी २०१२ साली झेड-१० लढाऊ हेलिकॉप्टरच्या इंजिनाचं सॉफ्टवेअर चीनला दिल्याबद्दल प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाने गुन्हा कबूल केला, आणि मूळ कंपनी युनायटेड टेक्नॉलॉजीजला ७.५ कोटी डॉलरहून अधिक भरावे लागले. ताइहांगचा गाभा १९८० च्या दशकात विकत घेतलेल्या सीएफएम-५६ या प्रवासी विमानांच्या इंजिनांवरून बेतला, असं जगभरच्या जाणकारांनी कितीदा लिहिलंय. युक्रेनची मोटर सिच ही इंजिनं बनवणारी कंपनी एका चिनी गुंतवणूकदाराने जवळजवळ ताब्यात घेतलीच होती, युक्रेन सरकारने २०२१ साली ते मोडून काढलं.

चाळीस वर्षं एखादा देश सगळ्या दारांनी आत शिरायचा प्रयत्न करतो, तेव्हा त्याच्या यशाला ‘चुका पचवल्या’ म्हणणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं आहे.

ओतारी

मी विमानातला माणूस नाही. कोल्हापूर भागात फाउंड्रीत २६ वर्षं काढली आहेत, त्यातली शेवटची चौदा इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमध्ये, म्हणजे मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि धातू ओतायचा. आम्ही पंपांचे इंपेलर आणि व्हॉल्वच्या बॉडी बनवतो. पण टर्बाइनची पाती याच रीतीने ओततात, म्हणून थोडं लिहितो.

परखडसाहेब, शू प्रकरणातली पाती इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पंख्याची. ती कंपोझिटची, थंड भागातली, आणि प्रवासी विमानांच्या इंजिनांची. चीनचं अडलं ते मागे, गरम भागात. तिथे ज्वलनातून येणारा वायू १६०० अंशांच्या वर आणि पात्याचा निकेलचा मिश्रधातू साधारण १३०० ते १४०० ला वितळतो. म्हणजे पातं अशा वाऱ्यात उभं असतं की जो त्याला वितळवू शकतो, आणि वर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे, प्रत्येक पात्यावर कित्येक टनांची ओढ. ते जगतं कारण आतून पोकळ असतं, त्यातून तुलनेने थंड हवा खेळते, पृष्ठभागावर बारीक भोकांतून ती हवा बाहेर पडून पातळ थर धरते आणि बाहेरून झिर्कोनियाचं, म्हणजे ताप अडवणाऱ्या सिरॅमिकचं, लेपन असतं.

आता ते ओतायचं कसं. साध्या ओतकामात धातू गोठताना हजारो कण तयार होतात आणि कणांच्या सीमेवरून तो तापात हळूहळू ताणला जाऊन तुटतो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं करतात. साचा १५०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत, खाली पाण्याने गार ठेवलेली तांब्याची थाळी, आणि साचा भट्टीतून खाली ओढायचा, मिनिटाला काही मिलीमीटर. तळाशी डुकराच्या शेपटीसारखी पिळाची नळी असते. तिच्यातून अनेक कणांपैकी एकच वर पोचतो आणि तोच पुढे सगळं पातं भरतो. हे पहिल्यांदा नियमित वापरात आणलं प्रॅट अँड व्हिटनीने, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला.

हे सगळं छापील पुस्तकात मिळतं. कुणी चोरायची गरज नाही. पण ओढण्याचा वेग जरा चुकला की बाजूला दुसरा कण उगवतो आणि पातं भंगारात. आतली पोकळी करणारा सिरॅमिकचा कोअर ओतताना केसभर हलला की एका बाजूची भिंत पातळ होते. ती एक्स-रेमध्ये दिसली तर ठीक, नाही दिसली तर हवेत दिसते.

माझा एक अनुभव सांगतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात एकाच जातीच्या पीसचं रिजेक्शन अचानक वाढलं. धातूचं रसायन बरोबर, भट्टीचं तापमान बरोबर, कामगार तेच. तीन महिने आम्ही शोधत होतो. शेवटी कळलं की कवचाचे थर सुकवायच्या खोलीतला दमटपणा वाढला होता आणि आतला थर ओला राहत होता. प्रोसेस शीटवर ‘२४ तास सुकवणे’ लिहिलेलं होतं आणि आम्ही २४ तासच सुकवत होतो. ज्यांनी ती शीट लिहिली त्यांच्या गावाला कोल्हापूरसारखा पाऊस नव्हता. हे साध्या इंपेलरचं. एकस्फटिक पात्याच्या प्रोसेस शीटमध्ये अशा शंभर जागा असतील.

म्हणून स्पेला वीसहून अधिक वर्षं का लागली, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

परखड

ओतारी, फारच छान लिहिलंत. थंड आणि गरम भागाचा मुद्दा मान्य, तिथे मी घाई केली. पण मग चोरीचा काहीच उपयोग होत नाही असं म्हणायचं का? दिशा तर कळते. कुठल्या दहा वाटा बंद आहेत हे कळलं तरी कितीतरी वर्षं वाचतात.

ओतारी

होतो ना उपयोग. समोर चांगला पीस ठेवलेला असला की निदान जमू शकतं एवढं तरी पक्कं होतं. तेवढा भाग तुमचा बरोबर.

मैत्रेयी_चि

मी चिनी भाषा शिकले आणि काही वर्षं तिथे अनुवादाचं काम केलं. धागाकर्त्याशी माझा मतभेद वेगळा आहे. "वेळ लागतोच" हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यामुळे चीनने हातची घालवलेली वर्षं झाकली जातात. १९६० च्या दशकापासून मोजलं तर त्यातला मोठा भाग इंजिनाच्या अवघडपणामुळे गेलाच नाही. राजकारणामुळे आणि चुकीच्या नियोजनामुळे गेला.

त्यांचं सुरुवातीचं टर्बोफॅन (तोंडाशी मोठा पंखा असलेलं जेट इंजिन) डब्ल्यूएस-६, १९६४ साली सुरू झालं. ते ज्या विमानांसाठी होतं ती विमानं एकामागून एक रद्द झाली. आराखडे बदलले, कारखाना शेनयांगहून दुसरीकडे हलवला, मग माओची सांस्कृतिक क्रांती. तरी १९८० च्या सुमारास इंजिन चाचणी-बाकावर पूर्ण जोर देऊ लागलं होतं, आणि तेव्हाच ते बंद केलं, कारण विमानच उरलं नाही. दोन दशकांत त्या लोकांनी जे शिकलं ते कपाटात गेलं. तिथे इंजिन कायम विमानाच्या पोटी बांधलेलं असायचं. विमान रद्द झालं की इंजिनही रद्द, असा हिशेब.

‘तिसरी फळी’ म्हणून १९६० च्या दशकात कारखाने युद्धाच्या भीतीने ग्वीचौच्या डोंगरांत नेले. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचं काम, आणि रस्ते असे की सुटा भाग एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात न्यायला दिवस जायचा. सिचुआनमधल्या च्यांगयोऊला उंचावरची हवा जमिनीवर निर्माण करून इंजिन तपासायचं केंद्र १९६५ मध्ये बांधायला घेतलं, ते राष्ट्रीय तपासणीत उत्तीर्ण झालं १९९५ साली. तीस वर्षं! तोपर्यंत इंजिन ४० हजार फुटांवर कसं वागेल हे ते कशावरून ठरवत होते?

आणि माणसं. वू दागुआन हे तिथल्या इंजिन उद्योगाचे जनक मानले जातात. १९४० च्या दशकात अमेरिकेत, प्रॅट अँड व्हिटनीतही, शिकून परत आलेले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा इतका छळ झाला की एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर साठी ओलांडलेला हा माणूस शिआनला जाऊन स्पेच्या कामाला लागला, आणि पुढे १९८० च्या दशकाच्या मध्याला सहकाऱ्यांसह थेट तेव्हाचे सर्वोच्च नेते देंग श्याओपिंग यांना पत्र लिहून नव्या इंजिनाचा आग्रह धरला. ताइहांग त्या धडपडीतून आलं. त्यांच्याबद्दल वाचताना मला प्रत्येक वेळी भरून येतं. २००९ मध्ये ते गेले, त्याच वर्षी प्रमुख लोक ताइहांगच्या गुणवत्तेबद्दल नाराजी व्यक्त करत होते.

ओतारींसाठी एक: पोकळ पाती चीनने १९६० च्या दशकातच ओतली होती. शी चांगश्यू नावाचे धातुशास्त्रज्ञ, अमेरिकेतून १९५५ साली परतलेले. नऊ बारीक भोकं असलेलं निकेलचं पातं त्यांच्या गटाने शेनयांगच्या धातुसंशोधन संस्थेत करून दाखवलं, तेही कुणाचा नमुना समोर नसताना. म्हणजे डोकं आणि हात दोन्ही होते. मोडली ती साखळी.

उत्तरवारा

मैत्रेयी, तुमचा प्रतिसाद वाचून मूळ लेखातला ‘हुकूम देणारी सत्ता होती’ हा भाग मला पुन्हा विचारात घ्यावा लागेल. मी ते बळ म्हणून लिहिलं होतं. वू दागुआन यांचं आयुष्य पाहता त्याच सत्तेने वीस वर्षं खाल्लेली दिसतात.

पण २०१६ चं पाऊल तुम्ही कसं बघता? ऑगस्ट २०१६ मध्ये चीनने इंजिनांचे सगळे कारखाने आणि संस्था विमान महामंडळापासून तोडून वेगळं इंजिन महामंडळ काढलं, ५० अब्ज युआन भांडवलाचं, साधारण ९६ हजार माणसांचं. तुम्ही म्हणता ती ‘विमानाच्या पोटी इंजिन’ पद्धत तिथे अधिकृतपणे संपली. मला तरी हे खुल्या मनाने चूक सुधारणं वाटतं.

मैत्रेयी_चि

हो, ते मान्य. एवढी उशिरा सुधारलेली चूक दुसऱ्या कुठल्या देशाला परवडली नसती, एवढंच म्हणेन.

निवृत्त_फिटर

हवाई दलात इंजिन फिटर होतो, नोकरीची शेवटची वर्षं ओझरला गेली, आता नाशिकलाच असतो. सगळ्यांचं वाचलं. "चीनने प्रश्न सोडवला" या एका वाक्यावर माझा आक्षेप आहे, आणि तो मोठा आहे.

इंजिन चालणं वेगळं, इंजिन टिकणं वेगळं. फिटरला कुठलंही इंजिन दाखवा, तो आधी विचारेल, दोन ओव्हरहॉलमध्ये (पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्त्यांमध्ये) किती तास? एकूण आयुष्य किती? आफ्टरबर्नर लावून, म्हणजे मागे जादा इंधन जाळून, किती वेळा ताणलंय? जोर किती हे जाहिरातीत लिहितात, तास लॉगबुकात असतात. चीन जोराचे आकडे पसरवतो, तासांबद्दल गप्प. जे-१० हे एका इंजिनाचं विमान. त्यात त्यांनी स्वतःचं इंजिन दोन इंजिनांच्या जे-११ नंतर कितीतरी वर्षांनी बसवलं. का? कारण एक बंद पडलं तर दुसरं नसतं. त्यांच्या हवाई दलाचा विश्वास किती होता, हे मला त्यावरून कळतं.

रशियन इंजिनांच्या आयुष्याचं दुखणं आम्ही जवळून पाहिलंय. सुखोईच्या एएल-३१ एफपीच्या बेअरिंगचा त्रास २०१५ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी उघडपणे सांगितला होता. किती बिघाड, कशामुळे, काय उपाय केला. देशाला कळलं, म्हणून सुधारणाही झाली. चीनमध्ये असं कोण सांगणार? बिघाड लपवणाऱ्या ठिकाणी चुका पचत नाहीत, साठत जातात.

आणि पाकिस्तानची जेएफ-१७ आजही रशियन आरडी-९३ वर उडते. चीनने त्यासाठी डब्ल्यूएस-१३ बनवलं होतं. ते चांगलं असतं तर रशियाची मिनतवारी कशाला केली असती?

उत्तरवारा

काका, जेएफ-१७ चा मुद्दा बिनतोड आहे. उघडपणाच्या मुद्द्यावर मात्र मला आठवण करून द्यायची आहे की २००९ मध्ये लिन झुओमिंग जाहीरपणेच बोलले होते. म्हणजे आतल्या आत तरी बिघाडाची चर्चा होत असावी, नाहीतर दहा वर्षांत ते इंजिन सुधारलं कसं?

आयुष्याबद्दल एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. कारखाना स्वतःचा असेल तर कमी आयुष्य चालवून नाही का घेता येत? एका इंजिनाच्या जागी दोन बनवा. युद्धात विमानं मुळात किती तास टिकतात? रशियाने पूर्वी याच विचाराने इंजिनं बनवली असं मी वाचलंय.

निवृत्त_फिटर

राग कसला, प्रश्न योग्यच आहे. पण हिशेब असा होत नाही. इंजिन लवकर उतरवायचं म्हणजे विमान हँगरमध्ये. बदलीचं इंजिन नसेल तर विमान आठवडेच्या आठवडे उभं. दहा विमानांच्या ताफ्यातली तीन नेहमी उभी असतील तर तुमच्याकडे सातच विमानं आहेत, कागदावर काहीही असो. आणि युद्ध दोन दिवसांचं, सराव वर्षभराचा. तास वाचवायचे म्हणून सराव कमी केला की वैमानिक कच्चा राहतो. आमच्या काळात हे आम्ही भोगलंय.

दुसरं, ओतारी सांगतीलच, आयुष्य कमी असण्याचं कारण धातूत असतं. जे इंजिन लवकर थकतं तेच जोर वाढवायला गेलं की आधी मोडतं. जे-२० साठीचं पुढचं इंजिन डब्ल्यूएस-१५ इतकं का रखडलं, याचं उत्तर मला तिथेच दिसतं. १९९० च्या दशकापासून काम चालू आणि जे-२० वर बसवलेली चित्रं आली २०२३ मध्ये. विमान उडून बारा वर्षं झाल्यावर.

ओतारी

बरोबर. जोर आणि आयुष्य एकाच गाठोड्यातून काढावं लागतं. तापमान थोडं वाढवलं की जोर वाढतो, पण पात्याचं ताणलं जाणं झपाट्याने वाढतं. दोन्ही वाढवायचं तर धातूच बदलावा लागतो, रेनियमसारखं महागडं मूलद्रव्य जास्त घालावं लागतं, आणि रेनियम वाढवलं की ओतताना डाग पडायचं प्रमाण वाढतं. फिरून पुन्हा भट्टीपाशी.

परखड

आता खरा प्रश्न. हे सगळं आपल्याला काय सांगतं? तेजससाठी आपण स्वतः बनवायला घेतलेल्या कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये ३८२.८१ कोटींची मंजुरी मिळाली. २००८ मध्ये तेजसपासून ते वेगळं केलं गेलं. म्हणजे मैत्रेयी म्हणतात तेच, विमान आणि इंजिन एकमेकांना बांधलेले, आणि फारकत झाली की इंजिन पोरकं. कावेरीची उड्डाणचाचणी २०१० मध्ये रशियात घ्यावी लागली, तिथल्या इल्युशिन-७६ विमानावर, कारण आपल्याकडे उडती प्रयोगशाळा नव्हती. तेजस मार्क-१ए साठी २०२१ साली जीईच्या ९९ एफ-४०४ इंजिनांची मागणी नोंदवली, त्यातलं पहिलं हातात आलं मार्च २०२५ मध्ये. विमानं तयार, इंजिनाची वाट.

माझं म्हणणं कडू वाटेल, पण म्हणतोच. धागाकर्त्याने चीनचं कौतुक केलं म्हणून मी चोरीचा मुद्दा आणला, कारण त्या कौतुकातून ‘आपणही वेळ देऊ, होईल’ असा निष्कर्ष निघतो. नुसता वेळ आपणही दिलाय. छत्तीस वर्षं दिलाय. चीनने वेळेबरोबर पैसा ओतला, इंजिनांचे प्रकल्प एकाच वेळी चार-पाच चालवले, एक फसला तरी माणसं दुसऱ्यावर गेली. आपल्याकडे लढाऊ इंजिनाचा एकच प्रकल्प होता.

मैत्रेयी_चि

परखड, या शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्याबरोबर. तिथे माणसं एका इंजिनावरून दुसऱ्यावर गेली, स्पेवरचा अनुभव ताइहांगला कामी आला. आपल्याकडे अगदी शून्य आहे असं मात्र नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिक पाती करून हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली, पहिली ६०. थोडीच आहेत, पण ओतारींनी लिहिलेली सगळी वाट त्यांनी चालून पाहिली आहे.

फिटर काकांच्या तासांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्ट. चीनचं सी-९१९ हे प्रवासी विमान आजही सीएफएमच्या लीप इंजिनावर उडतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेने त्या इंजिनांची विक्री थांबवली आणि जुलैमध्ये परत सुरू केली. त्या काळात चीनकडे पर्याय नव्हता, कारण त्यांचं सीजे-१००० अजून मान्यतेच्या वाटेवर आहे. प्रवासी इंजिनाला हजारो तास बिनतक्रार चालल्याचे पुरावे द्यावे लागतात, तेही अनोळखी तपासनीसांपुढे. लष्करी इंजिनाला घरच्या घरी पास होता येतं.

निवृत्त_फिटर

अगदी हेच. म्हणून माझं लक्ष पाकिस्तानच्या जे-१० सीई वर आहे. ताइहांग पहिल्यांदाच दुसऱ्या देशाच्या फिटरच्या हातात गेलंय. त्यांची लॉगबुकं आपल्याला दिसणार नाहीत, पण किती इंजिनं परत चीनला दुरुस्तीला जातात, सुट्या इंजिनांची नवी मागणी कधी निघते, पुढच्या जेएफ-१७ ला कुठलं इंजिन लागतं, हे लपून राहत नाही. ते बघा, जोराचे आकडे सोडा.

उत्तरवारा

मूळ लेखात एक दुरुस्ती करतोय. ‘चीनने प्रश्न सोडवला’ हे वाक्य मागे घेतो. त्याऐवजी असं वाचावं: एका पिढीच्या इंजिनापुरतं, म्हणजे ताइहांगपुरतं, चीन रशियाच्या दारातून उठला. पुढच्या पिढीचं आणि टिकाऊपणाचं तसं म्हणता येत नाही. ‘हुकूम देणारी सत्ता’ हे शब्दही काढले.

स्पेबद्दल लिहिलेलं मात्र तसंच ठेवतोय. उलट ओतारींचा पावसाळा वाचल्यावर माझी त्या मुद्द्यावरची खात्री वाढली.

परखड

स्पे राहू द्या. पण ‘लढाऊ इंजिन चोरून बनत नाही’ हे पहिल्या परिच्छेदाखालचं वाक्य अजून तिथेच आहे. ‘नुसतं चोरून बनत नाही’ एवढं तरी करा, मग माझी सही त्याच्याखाली.

उत्तरवारा

केलं.